आज्जीचा फोटो बघून नटताना: सणासुदीला या चुका टाळा

नवरात्र जवळ आलं की आमच्या सोलापुरातल्या गल्लीतली कुणी ना कुणी पोरगी मोबाईलवर जुना फोटो घेऊन येते. "ताई, असंच करून द्या की." फोटोत कुणाची आज्जी असते, कुणाची आत्या. फुग्याच्या बाहीचं पोलकं, उंच चढवलेला अंबाडा, डोळ्यांच्या कडेला लायनरची शेपटी. मी पैसे घेत नाही, हौसेनं नटवते, त्यामुळे चार शब्द सुनवायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

माझ्या आज्जीचा असाच एक स्टुडिओतला फोटो आहे. त्याचं कौतुक केलं की ती हसायची. "अगं, कानातलं शेजारणीचं होतं. मान हलवू नको म्हणाला फोटोवाला, अर्धा तास तशीच बसले. घरी आले आणि पहिलं पोलकं काढलं, काखेत लई काचत होतं." जुनी फॅशन करताना बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. ती अर्धा तास बसली होती. आपल्याला त्याच वेशात पहाटे रूपाभवानीच्या रांगेत उभं राहायचं असतं, नवी पेठेच्या गर्दीतून गाडी काढायची असते, पाटावर बसून पूजा करायची असते, वर चार घरचा फराळ खायचा असतो.

साडी नेसायच्या आधी उजेडात धरा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते, कारण ती मी स्वतः केली आहे. आज्जीची जांभळी रेशमी साडी पंधरा-वीस वर्षं एकाच घडीत ट्रंकेत होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काढली, झटकली, नेसले. आरतीला वाकले आणि मांडीवर घडीच्या रेषेत वीतभर उसवल्यासारखी फाटली. आवाज सगळ्यांनी ऐकला. सासूबाईंनी आरतीचा सूर जरा वाढवला, एवढीच काय ती दया.

रेशीम वयानं कमजोर होतं, घामानं आणि उजेडानं आणखी होतं. वर्षानुवर्षं एकाच जागी घडी पडली की तिथले धागे तुटायला टेकतात. वरून साडी नवीकोरी दिसते, म्हणून फसायला होतं. तेव्हा सणाच्या किमान पंधरा दिवस आधी साडी उघडा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. घडीच्या रेषेवर बारीक उजेड झिरपत असेल तर ती जागा गेलेली आहे. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणून पाहा. कुरकुरलं किंवा धागे सरकले तर ती साडी नेसायची नाही.

"रफू करून घेते की," असं लगेच म्हणतात. एखादं भोक असेल तर रफू छान बसतो. पण आजूबाजूचं कापडच जीर्ण झालं असेल तर रफूचा नवा दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत ठरतो आणि शेजारीच नवी फाट पाडतो. अशा साडीचे काठ सहसा धड असतात. ते उतरवून नव्या साध्या साडीला लावून घ्या, किंवा पदराचा भाग ओढणीला वापरा. चाटी गल्लीत तसं साधं कापड शोधायला फार फिरावं लागत नाही. आपलं हे गिरण्यांचं आणि मागांचं गाव. जुनी मिल 1877 ची. इथल्या बायका कापड बोटात धरून ओळखतात, फक्त घरच्या ट्रंकेपाशी आलं की माया आडवी येते आणि बोटं खोटं बोलतात.

साडी धड निघाली तर तिला डांबरगोळ्यांचा वास असतो. त्यावर अत्तर मारणं ही दुसरी चूक. दोन वास एकत्र झाले की डोकं धरतं, आणि अत्तर जरीवर पडलं की ती काळवंडते. साडी दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर टाका. उन्हात नको, रंग उडतो. इस्त्री उलट्या बाजूनं, मधे मलमलचं फडकं ठेवून, आणि जरीवर पाणी शिंपडायचं नाही. अत्तर लावायचंच तर साडी नेसण्याआधी मनगटाला आणि कानामागे लावा आणि वाळू द्या.

इरकलीची गोष्ट वेगळी. सुती अंग आणि लालभडक पदर असलेली इरकल आपल्याकडे घरोघरी असते. ती मजबूत असते, पण रंगाचं काही सांगता येत नाही. पांढरा रुमाल ओला करून पदराच्या आतल्या कोपऱ्यावर घासून पाहा. रुमाल लाल झाला तर त्या साडीखाली पांढरं किंवा फिकं पोलकं घालू नका, घामानं खांद्यावर नकाशा उमटतो. रंग सोडणाऱ्या साडीवर खणाचं गडद पोलकं घाला, काळजी मिटते.

पोलकं: आरशात नाही, पाटावर बसून बघा

जुन्या पोलक्यात शिंप्यानं आत माया सोडलेली असते, ती उसवून वाढवता येते. पण बऱ्याचदा मायेच्या जागचं कापड गडद आणि बाहेरचं उडालेलं निघतं, आणि मापाबरोबर दोन रंगांचे पट्टेही मिळतात. उसवायच्या आधी आत डोकावून बघा. नवीन शिवत असाल तर अर्धे प्रश्न सुटतात. फुग्याच्या बाहीसाठी मऊ, लोळणारं कापड घेतलं तर चुण्या खाली बसतात आणि बाही फुगलेली न दिसता ढगळ दिसते. कापड मऊ असेल तर टेलरला खांद्याच्या शिलाईत आतून कडक नेटची पट्टी लावायला सांगा. बाहीचा फुगा खांद्याच्या टोकावरच सुरू झाला पाहिजे. दोन बोटं खाली सरकला की खांदे पडलेले दिसतात. ज्यांचे खांदे मुळात रुंद आहेत त्यांनी फुगा लहान ठेवावा किंवा कोपरापर्यंतची साधी, घट्ट बाही घ्यावी. तीही तितकीच जुन्या वळणाची आहे, फक्त फोटोत तिचा बोलबाला कमी.

आणि ट्रायलला आरशापुढे उभं राहून मान डोलावू नका. दोन्ही हात वर करा, जणू आकाशकंदील टांगताय. मग मांडी घालून बसा, वाका, उठा. यात कुठंही काचलं तर ते तिथंच टेलरला सांगा. दिवाळीच्या आठवड्यात तो फोन उचलत नाही.

सत्तरच्या दशकातल्या नायलॉनच्या, जॉर्जेटच्या फुलाफुलांच्या साड्या परत आल्यात, दिसतातही झकास. मात्र पणत्या लावताना आणि फटाक्यांजवळ त्या नकोत. कृत्रिम धागा पेटतो आणि वितळून कातडीला चिकटतो. हौस असेल तर दिवाळी पाडव्याच्या भेटीगाठींना नेसा, लक्ष्मीपूजनाला सुतीच बरं, आणि तेही पदर खोचून. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, चिकटलेलं कापड ओढू नका, टूथपेस्ट लावू नका, आणि दवाखाना गाठा.

चेहरा

काळ्यापांढऱ्या फोटोत लाल ओठ गडद, जवळजवळ काळपट दिसतात. ते बघून पोरी घट्ट मरून लिपस्टिक आणतात आणि मग म्हणतात, मी आजारी दिसतेय. अहो, ती लाल होती, फोटोला रंग नव्हता एवढंच. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला विटकरी लाल किंवा जरा निळसर झाक असलेला लाल, यातला एक नक्की खुलतो. दोन्ही मनगटावर लावून दुकानाबाहेर रस्त्यावर या आणि उन्हात बघा. दुकानातल्या ट्यूबलाईटवर भरवसा ठेवू नका.

फाउंडेशनचंही तेच. हातावर लावून घेतलेलं फाउंडेशन चेहऱ्यावर गोरं आणि गळ्यावर वेगळं दिसतं. जबड्याच्या कडेला लावा आणि वीस मिनिटं बाजारात फिरून या, कारण काही फाउंडेशन हवा लागली की गडद होतं. मग ठरवा.

सोलापूरची हवा इथं आडवी येते. नवरात्रात ऑक्टोबरची उष्णता, घाम कानाशेजारून ओघळतो. दिवाळी उशिरा आली तर पहाटे कोरडी थंडी आणि कातडी ओढलेली. दोन्हीला एकच मेकअप चालत नाही. नवरात्रात थर पातळ ठेवा, पावडर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर. थंडीत आधी मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबा, नाहीतर गालावर भेगा पडलेल्या जमिनीसारखं दिसतं. जुन्या फोटोतला तो पांढुरका पावडरी चेहरा मुद्दाम आणायला जाऊ नका. काही बारीक पांढऱ्या पावडरी फ्लॅशमध्ये नुसत्या चमकतात आणि फोटोत सगळं घर नीट दिसतं, तुम्ही मात्र पिठात पडल्यासारख्या. निघण्याआधी घरीच एक फोटो फ्लॅश मारून काढा.

लायनरच्या शेपटीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. शेपटी उभी राहत नाही, कारण डोळा मिटून काढली जाते. डोळा उघडला की पापणीची घडी तिला गिळते. सरळ आरशात बघत, डोळा उघडा ठेवून, खालच्या पापणीची रेघ जिकडे चालली आहे तिकडेच एक छोटा ठिपका द्या. मग तो वरच्या रेघेला जोडा. दोन्ही बाजूंचे ठिपके आधी, रेघा नंतर, म्हणजे एक शेपटी भिवईला आणि दुसरी कानाला असं होत नाही. चुकलं तर कापसाच्या काडीला थोडं मॉइश्चरायझर लावून पुसा, बोटानं घासू नका. साठच्या दशकातला डोळा हवा असेल तर खाली काजळ भरू नका. तो सगळा खेळ वरच्या पापणीचा आहे, आणि आपल्या उकाड्यात खालचं काजळ तासाभरात गालावर येतं. अभ्यंगस्नान झालेल्या दिवशी पापण्यांवर तेल उरतं, ते टिपल्याशिवाय कुठलंच लायनर टिकत नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

लिपस्टिकचा शत्रू फराळ. चकली, चिवडा, शेव, सगळं तेलात. दिवसभर टिकते म्हणून विकलेली मॅट लिपस्टिकही तेलापुढे हात टेकते, आणि मधूनच उडून कडेला राहते, ते आणखी वाईट. आधी त्याच रंगाच्या पेन्सिलीनं सगळा ओठ भरा, वर लिपस्टिक, मग कागदानं टिपा आणि पुन्हा एक हात. दाताला लागू नये म्हणून स्वच्छ बोट तोंडात घालून ओठ मिटा आणि बोट बाहेर ओढा, आतली जादा लिपस्टिक बोटावर येते. दिसायला विचित्र, म्हणून हे न्हाणीघरात करा.

मेणावर कुंकू लावायची जुनी पद्धत मला फार आवडते, गोल रेखीव येतं. एरवी आपण टिकल्या लावतो. रोज एकाच जागी टिकली लावून कपाळावर पांढरा डाग पडत असेल तर गोंद बघा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल हे रसायन असतं, आणि ते रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी मारू शकतं. डाग दिसला की टिकली बंद आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे. खडा सुरमा ‘आज्जीच्या वेळचा’ म्हणून डोळ्यात घालू नका, त्यात शिसं असू शकतं. ट्रंकेतली साडी चालते, ट्रंकेतला सुरमा नाही.

केस आणि दागिने

नरकचतुर्दशीला चपचपीत तेल लावून दुसऱ्या दिवशी उंच फुगवलेले केस हवेत, हे जमत नाही. केसांतलं तेल पूर्ण निघालं पाहिजे. उलटे विंचरून फुगवायचे ते फक्त आतले केस, मुळांपाशी. वरचा थर सरळ झाकायचा. मोकळं करताना खालच्या टोकापासून वर या, भरपूर कंडिशनर लावून. मुळापासून कंगवा ओढला तर निम्मे केस कंगव्यात. गजरा मोगऱ्याचाच हवा असा हट्ट दिवाळीत धरू नका, त्याचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. शेवंती किंवा अबोली माळा, फोटोतल्या बायकांनीही हंगामाचंच फूल माळलं होतं.

दागिन्यांबाबत मी जरा कडक आहे. ठुशी, चिंचपेटी, मोहनमाळ, बकुळहार, बुगडी, नथ, वेल हे सगळं एकदम घातलं की बाई दिसत नाही, शोकेस दिसतं. गळ्यालगतचं एक आणि लांब एक, बास. ज्या दिवशी लायनर आणि केस दोन्ही जोरात आहेत त्या दिवशी नथ राहू द्या. दाबाची नथ घालायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, आणि नाकाच्या त्या जागी क्रीम लावू नका, घसरून प्रसादाच्या ताटात पडते. माझी पडली आहे. खोट्या दागिन्यांनी खाज येत असेल तर बहुधा त्यातलं निकेल नडतं. गळ्याला पुरळ आल्यावर दागिना बदलून उपयोग नसतो, काढूनच ठेवायचा.

घरी आल्यावर

दमून साडी खुर्चीवर टाकणं किंवा गरम असतानाच घडी घालून कपाटात सारणं, यानं पुढच्या वर्षीची फाट तयार होते. रात्रभर वाळत घालायच्या दोरीवर पसरा, दोरी जाड हवी किंवा खाली जुना टॉवेल टाका. घामाचे डाग असतील तर पिवळे पडायच्या आत ड्रायक्लीनला द्या. मग सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला.

संक्रांत पुढे आहेच. काळ्या चंद्रकळेची हौस असेल तर रुमालाची परीक्षा तिलाही लावा, काळा रंग सगळ्यात लबाड. आणि गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, ती नेसून होम मैदानावर जाणार असाल तर साडी घोट्याच्या वर नेसा. तिथली धूळ काळ्यावर अशी बसते की घरी येईपर्यंत चंद्रकळा राखाडी झालेली असते. बारा बंदांची बाराबंदी घातलेल्या यात्रेतल्या मानकऱ्यांची पांढरी वस्त्रं गर्दीत एवढी स्वच्छ कशी राहतात, हे मला अजून कळलेलं नाही.