बॉयलरच्या घरात गरम पाण्याची सोय: न्यू जर्सीत पहिले जुने घर घेणाऱ्यांसाठी

एडिसन किंवा पिस्कॅटवेच्या नव्या वसाहतींत काही वर्षे भाड्याने राहून मग मेटचन, हायलंड पार्क, क्रॅनफर्ड, मॉन्टक्लेअर अशा जुन्या गावांत घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना शाळांचे क्रमांक, घरपट्टी आणि स्टेशनचे अंतर तोंडपाठ असते. बेसमेंटमध्ये काय बसवले आहे याची चौकशी मात्र किल्ल्या हातात आल्यावर सुरू होते. अशा पुष्कळ जुन्या घरांत बॉयलर, म्हणजे पाणी तापवून घर उबदार ठेवणारे यंत्र, असतो, आणि बॉयलरवर चालणारी पाण्याची इंडिरेक्ट टाकी ही तेथे बहुधा सर्वांत किफायतशीर सोय ठरते. पहिल्या हिवाळ्यातच तिची माहिती झाली तर पुढचा बराच खर्च वाचतो.

आधी आपल्याकडे बॉयलर आहे याची खात्री करून घ्यावी. जमिनीतल्या किंवा छतातल्या जाळ्यांमधून गरम हवा येत असेल तर तो फर्नेस असतो आणि त्याला पुढचे काही लागू नाही. भिंतीच्या पायथ्याशी गरम पाण्याचे बेसबोर्ड, म्हणजे उष्णता देणाऱ्या लांब पट्ट्या, किंवा खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतील तर बॉयलर आहे. रेडिएटरमधून वाफेचा फुसफुसाट ऐकू येत असेल तर तो वाफेचा बॉयलर. त्यालाही टाकी जोडता येते, पण ते काम वाफेची नीट माहिती असलेल्या माणसालाच द्यावे.

बॉयलरच्या घरात पाणी तापवण्याच्या तीन पद्धती आढळतात. पहिली म्हणजे शेजारी उभा असलेला स्वतंत्र गॅस हीटर. तो म्हणजे आजोळच्या तांब्याच्या बंबाचीच आवृत्ती: खाली जाळ, मधोमध धुराची नळी आणि भोवती पाणी. जाळ विझल्यावरही त्या नळीतून हवा वर जात राहते आणि पाण्यातली ऊब सोबत नेते. दुसरी पद्धत म्हणजे बॉयलरच्या पोटातच बसवलेली टँकलेस कॉइल, म्हणजे नळीचे वेटोळे. हिच्यात टाकी नसल्यामुळे ती काटकसरीची वाटते, पण केव्हाही नळ उघडला तरी पाणी गरम यावे म्हणून जुलैच्या उकाड्यातही बॉयलर दिवसरात्र तापलेला ठेवावा लागतो. बाहेर नव्वद अंश फॅरनहाइट आणि बेसमेंटमध्ये बॉयलर चालू, अशी स्थिती असेल तर गॅसचे किंवा तेलाचे बिल कशामुळे फुगते हे वेगळे सांगायला नको.

तिसरी पद्धत इंडिरेक्ट टाकीची. हिला स्वतःचा बर्नर नसतो आणि धुराची नळीही नसते. आतल्या कॉइलमधून बॉयलरचे पाणी फिरते आणि बाहेरून जाड इन्सुलेशन असते, त्यामुळे चांगल्या टाकीतले पाणी तासाला जेमतेम एखादा अंश फॅरनहाइट उतरते. टाकीने मागणी केली की बॉयलर पेटतो, टाकी तापवतो आणि पुन्हा गार होतो. जानेवारीत नळाचे पाणी 40 अंश फॅरनहाइटच्या आसपास येते. असे 40 गॅलन पाणी 120 अंशांपर्यंत न्यायला सुमारे 26,700 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) लागतात. स्वतंत्र हीटरचा नेहमीचा बर्नर तासाला 40,000 बीटीयूचा असतो आणि त्यातलाही काही भाग धुरातून जातो, म्हणून त्याला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो. तासाला 80,000 बीटीयू देणारा बॉयलर, कॉइल तेवढी उष्णता घेऊ शकत असेल तर, तेच काम वीस मिनिटांत करतो. त्यामुळे टाकी निवडताना केवळ गॅलन पाहू नयेत. कॉइलचे क्षेत्रफळ विचारावे आणि माहितीपत्रकातला आकडा बॉयलरच्या किती तापमानाला दिला आहे तेही पाहावे. बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा, म्हणजे धुरातल्या बाष्पाची उष्णताही वापरणारा असेल तर कॉइल मोठीच घ्यावी, कारण परतीचे पाणी साधारण 130 अंशांच्या खाली असले तरच त्या बॉयलरची वाढीव कार्यक्षमता पदरात पडते.

आकाराबाबत आपल्या लोकांचा हिशेब हमखास चुकतो, कारण उन्हाळ्यात आई-वडील आले की कशी तारांबळ उडेल ते डोळ्यांसमोर ठेवून ते थेट 80 गॅलनची टाकी मागतात. वडीलमंडळी बादलीने आंघोळ करतात. एका बादलीत पाच गॅलन पाणी मावते आणि त्यातलेही बरेच थंड असते. मिनिटाला 2.5 गॅलनचा शॉवर दहा मिनिटे चालवणारा आपलाच मुलगा 25 गॅलन संपवतो. खरी कसोटी लागते ती नरकचतुर्दशीच्या पहाटे, घरातले सगळे आणि मुक्कामी आलेले पाहुणे तेल-उटणे लावून रांगेत उभे असतात तेव्हा. तीही वेळ चार माणसांच्या घरात 40 गॅलनची टाकी निभावून नेते, मात्र प्लंबरने टाकीला प्रायॉरिटी लावून दिलेली हवी, म्हणजे तेवढा वेळ बेसबोर्ड थांबतात आणि बॉयलरची सगळी शक्ती पाण्याकडे वळते. घर तेवढ्यात गार पडत नाही.

याच कारणाने, 'पाण्यासाठी' म्हणून बॉयलर मोठा घ्यायला सांगणाऱ्याचे ऐकू नये. या देशात गाडीपासून फ्रिजपर्यंत सगळे गरजेपेक्षा मोठे घेण्याची रीत आहे आणि बॉयलरही तिला अपवाद नाहीत. बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या मध्यम घराला कडाक्याच्या थंडीतही तासाला 50,000 बीटीयूच्या आतबाहेर उष्णता लागते. तेथे त्याच्या दुप्पट-तिप्पट बॉयलर बसवला तर तो सारखा पेटत-विझत राहतो. घराला किती उष्णता लागते याची मॅन्युअल जे या प्रमाण पद्धतीने केलेली आकडेमोड मागावी. जुन्या बॉयलरवरची पाटी वाचून नव्याचा आकडा सांगणाऱ्या कंत्राटदाराला चहा पाजून निरोप द्यावा.

आता ज्यासाठी एवढे लिहायला बसलो ती गोष्ट. बॉयलर बदलताना जुना गॅस हीटर चिमणीवर तसाच ठेवू नये. तो 'अजून चांगला चालतोय' म्हणून ठेवू नये आणि 'पाण्याचे पुढच्या वर्षी बघू' म्हणूनही ठेवू नये. जुना बॉयलर आणि हीटर एकाच विटांच्या चिमणीत धूर सोडत असतात. नवा कंडेन्सिंग बॉयलर प्लास्टिकच्या नळीने भिंतीतून धूर बाहेर काढतो, आणि त्या प्रशस्त चिमणीत एकटा छोटा हीटर उरतो. त्याच्या धुराने ती चिमणी तापत नाही. धूर मध्येच थंड होतो, बाष्पाचे पाणी होऊन विटांचा चुना पोखरते आणि ओढ कमी पडली की कार्बन मोनॉक्साइडसह सगळा धूर बेसमेंटमध्ये उतरतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने टाकीचे पैसे वाचवले आणि नंतर चिमणीला धातूचे लायनर घालण्यात आणि ओली झालेली भिंत दुरुस्त करण्यात त्याहून जास्त घालवले. हीटरच्या डोक्यावर नळ जोडलेल्या जागी लाल-निळी प्लास्टिकची कडी असतात. त्यांच्या कडा वितळलेल्या दिसल्या, किंवा हीटर पेटून काही मिनिटे झाल्यावर हीटरवर धुराच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या छत्रीपाशी धरलेला आरसा धुरकटला, तर धूर उलटा येत आहे हे समजावे आणि त्याच दिवशी हीटर बंद करून प्लंबरला बोलवावे. बॉयलरबरोबरच इंडिरेक्ट टाकी बसवली की चिमणीचा प्रश्नच राहत नाही, आणि मजुरीही एकदाच द्यावी लागते.

तापमान कमी ठेवून बचत करण्याचा सल्ला आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत नेमाने फिरतो. तो मानू नये. कोमट साठवणीच्या पाण्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लीजनेला जिवाणू वाढतात, म्हणून टाकी 140 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 60 सेल्सिअसवर ठेवणे चांगले. मात्र इतक्या गरम पाण्याने काही सेकंदांत भाजते, म्हणून टाकीच्या तोंडाशी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून नळाला 120 अंशांचेच पाणी जाऊ द्यावे. घरात लहान मूल असेल किंवा बादली थेट नळाखाली भरली जात असेल तर या व्हॉल्व्हवर तडजोड करू नये.

टाकी शक्यतो स्टेनलेस स्टीलची घ्यावी. काचेचे अस्तर असलेली स्वस्त पडते, पण तिचा अ‍ॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी, वेळोवेळी तपासावा लागतो आणि ते कोणी तपासत नाही.

बॉयलर तेलावर चालणारा असेल किंवा तो लवकरच काढायचा असेल, तर विजेवरच्या हीट पंप वॉटर हीटरचा विचार जरूर करावा. तो बेसमेंटच्या हवेतली उष्णता घेतो आणि उन्हाळ्यात तेथला दमटपणाही कमी करतो. हिवाळ्यात मात्र तीच उष्णता घरातून जाते. त्यावरच्या ज्या केंद्रीय करसवलतीचा दाखला जुने लोक अजून देतात, ती 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही.

परमिट काढूनच काम करावे. इन्स्पेक्टर प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह आणि एक्स्पान्शन टँक पाहून जातो, आणि घर विकताना तोच कागद उपयोगी पडतो.

बेसमेंटच्या जिन्यापाशी बहुधा लाल पट्टीचे एक बटण असते. ते बॉयलरचे असते. गिझर बंद करण्याची सवय असलेले आई-वडील आंघोळीनंतर ते बंद करतात. मग गरम पाणी तर जातेच, आणि फेब्रुवारीत असे झाले तर रात्रीतून नळ गोठून फुटू शकतात. त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवून ठेवावी.