चालू घडामोडींत मार्क अडकतात कुठे? या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातली असो की नवी मुंबईत कोपरखैरण्यातली, स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा. चालू घडामोडी वाचत नाही असं कुणी सापडणार नाही. टेबलावर मासिक, मोबाइलमध्ये चार-पाच टेलिग्राम चॅनेल, डाउनलोडमध्ये वर्षभराच्या वन लायनरची, म्हणजे एकेका ओळीतल्या बातम्यांची, पीडीएफ. तरी टेस्ट सिरीजमध्ये पंधरापैकी पाच-सहाच बरोबर येतात आणि मग मंडळी सहावं चॅनेल जॉइन करतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नवं काही उघडण्याआधी शेवटच्या तीन-चार टेस्टमधले चुकलेले प्रश्न काढा. प्रत्येकासमोर लिहा: वाचलंच नव्हतं, वाचलेलं आठवलं नाही, की दोन पर्यायांत अडकलो. पहिला प्रकार जास्त असेल तर साधनं बदला. दुसरा जास्त असेल तर उजळणी कमी पडतेय. तिसरा जास्त असेल (आणि बहुतेकांचा तोच असतो) तर वाचायची पद्धतच चुकतेय. आणखी कितीही वाचलं तरी मार्क हलणार नाहीत.

बातमी सुटी-सुटी वाचणे

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. उदाहरण घरचंच घेऊ. वाशी ते मानखुर्द लोकल ज्या खाडीवरून जाते, ती ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली. वन लायनरमध्ये एवढंच असतं आणि मुलं एवढंच पाठ करतात. प्रश्न काढणारा मात्र या ओळीच्या आजूबाजूला फिरतो. रामसर हे इराणमधलं शहर. पाणथळ जागांचा करार तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झाला, म्हणून जागतिक पाणथळ दिन त्याच तारखेला. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ नांदूर मधमेश्वर, मग लोणार, तिसरी ठाणे खाडी. ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ मध्येच जाहीर झाली होती. म्हणजे अभयारण्याचा दर्जा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली आणि रामसरचा दर्जा आंतरराष्ट्रीय करारातून. या दोन गोष्टींची सरमिसळ केली की पर्याय चुकलाच. शिवाय धोक्यात आलेल्या रामसर स्थळांची वेगळी नोंद असते, माँट्रो रेकॉर्ड. भारतातली केवलादेव आणि लोकटाक त्यात आहेत.

एवढं सगळं वहीत अर्ध्या पानात मावतं. पर्यावरणाच्या पुस्तकातलं जे प्रकरण कंटाळून सोडलं होतं, त्याचा निम्मा भाग यात झालाही. दिवसाला अशा दोन बातम्या उकलल्या तरी पुष्कळ.

आता तो 'दोन पर्यायांत अडकलो'वाला प्रकार. महाराष्ट्र लोकसेवा आयोग (एमपीएससी) सरळ 'किती किल्ले?' असं विचारण्यापेक्षा विधानं देतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. 'हे सर्व किल्ले महाराष्ट्रात आहेत': चूक, कारण बारावा जिंजी तमिळनाडूत आहे. 'या सर्वांचं संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करतं': हेही चूक, कारण साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. आनंदाच्या भरात बातमी वाचणाऱ्याच्या डोक्यात १२ हा आकडा राहतो, बाकी काही नाही. म्हणून नोट्स काढताना अपवाद वेगळ्या शाईने लिहा. विधानात 'सर्व', 'फक्त', 'पहिल्यांदाच' दिसलं की अपवादच शोधायचा असतो.

शिळे आकडे

पीडीएफ कधीची आहे हे कुणी बघत नाही. २०२५ या एकाच वर्षात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) चार वेळा उतरला: फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५ टक्के. मार्चमध्ये उतरवलेली नोट एप्रिलमध्येच चुकीची झाली होती. सरन्यायाधीश म्हणून भूषण गवई मे २०२५ मध्ये आले, नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाले आणि सूर्य कांत आले. रामसर स्थळांची देशातली संख्या ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ होती, जून २०२५ मध्ये ९१ झाली आणि नंतरही वाढत राहिली. असे हलते आकडे, पदं आणि दर यांचं वहीत शेवटी एक वेगळं पान करा, पेन्सिलने लिहा आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख टाका. परीक्षेआधी तेवढंच पान पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून तपासून घेता येतं. (रिझर्व्ह बँकेवरून आठवलं: ठाणे महापालिकेची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था ज्यांच्या नावाने आहे, ते चिंतामणराव देशमुख या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. रोज त्या पाटीखालून जाणाऱ्यांना हे विचारून बघा.)

सगळ्या परीक्षांना एकच मसाला

वन लायनर अगदीच टाकाऊ नाहीत. तलाठी, जिल्हा परिषद किंवा पोलीस भरतीच्या पेपरात सरळ प्रश्न येतात. पुरस्कार, नेमणुका, खेळ, जिल्ह्याची माहिती. तिथे ते चालतात. आयोगाच्या राज्यसेवा आणि संयुक्त पूर्व परीक्षांना चालत नाहीत. दोन्ही अर्ज भरले असतील तर आधी जुने पेपर समोर ठेवा आणि कुठल्या परीक्षेला काय लागतं ते ठरवा. वर्तमानपत्र वाचतानाही हेच: पक्षांतर, आरोप-प्रत्यारोप, कोण कुणाला भेटलं यावर वेळ घालवू नका. मंत्रिमंडळाचे निर्णय, न्यायालयाचे निकाल, नवे कायदे, अहवाल आणि त्यातलं भारताचं स्थान, राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल, बस.

उजळणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ठाणे ते वाशी लोकलमध्ये अर्धा तास मिळतो. त्यात नवं वाचू नका, कालची पानं झाकून आठवा.

राहिला अंदाज. आयोगाच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण जातात. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद होत असतील तर उत्तर द्या, फायद्याचं आहे. नाव नुसतं 'ओळखीचं वाटतंय' म्हणून गोल काळा करत असाल तर आधीच्या टेस्टमध्ये असे किती बरोबर आले ते मोजा, तुमचा तुम्हालाच निकाल कळेल. आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात टेलिग्राम म्यूट करा. पेपर त्याच्या आधीच छापून झालेला असतो, कालच्या बातमीवर प्रश्न येणार नाही.