एचटी मोटर स्टार्टर : 'बंद आहे' म्हणजे नक्की काय बंद आहे?

बडोद्यातल्या कारखान्यांत दिवसभर तीन भाषा चालतात. 'बंध छे', 'बंद है', 'बंद आहे'. मोटर थांबली तरी बंद, कॉन्टॅक्टर (मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) उघडला तरी बंद, ट्रॉली (कॉन्टॅक्टर-फ्यूज बसवलेली ओढता येणारी गाडी) बाहेर ओढली तरी बंद, आणि अर्थिंग लावलं तरी बंदच. ६.६ केव्हीच्या, म्हणजे ६६०० व्होल्टच्या एचटी (उच्च दाबाच्या) स्टार्टरपुढे मात्र या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि हात घालण्याजोगी त्यांतली फक्त शेवटची. मी पाहिलेल्या बहुतेक चुका या एका शब्दाच्या आडोशाने झाल्या.

मकरपुऱ्यात एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो तेव्हाची गोष्ट. पंपाचा कॉन्टॅक्टर 'क्लोज' घेत नव्हता. कामाचं परमिट काढलं, ट्रॉली टेस्ट पोझिशनला (मेन सप्लायपासून सुटलेली) आणली, सकाळी व्होल्टेज डिटेक्टर लावून सप्लाय नसल्याची खात्री केली. जेवणानंतर हेल्पर फ्यूजच्या क्लिपा पुसायला निघाला. तासभर गेलाय म्हणून मी पुन्हा डिटेक्टर लावला, तर तो ओरडायला लागला! ट्रॉली बसबारपासून (सप्लायच्या मुख्य पट्ट्यांपासून) पूर्ण सुटलेली, तरी एचटी? "डिटेक्टर बिघडला असेल, साहेब," असं दोघे तरी म्हणाले. बिघडला नव्हता. कोणीतरी कॉइल तपासायला बाहेरून ११० व्होल्टचा टेस्ट सप्लाय जोडला होता. कंट्रोल पीटी (६६०० व्होल्टचे ११० करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) ट्रॉलीवरच, आणि तिच्या सेकंडरीचे फ्यूज काढलेले नव्हते. ६६०० ला ११० करणारी पीटी ११० ला ६६०० सुद्धा करते. तिला दिशा कळत नाही. टेस्टच्या वेळी पीटीला वेगळं ठेवणारा नॉर्मल-टेस्ट सिलेक्टर याचसाठी असतो, पण आमच्याकडे त्याला कधीतरी जंपर (वायरने बायपास) मारून ठेवला होता. म्हणून टेस्ट सप्लाय जोडण्याआधी पीटीच्या दोन्ही बाजूंचे फ्यूज काढा आणि ट्रॉलीजवळून माणसं हटवा. अशा कुठल्याही सुरक्षेच्या इंटरलॉकला जंपर दिसला, तर तो का मारलाय हे विचारत बसू नका; आधी काम थांबवा.

डिटेक्टर आधी चालू सप्लायवर किंवा त्याच्या टेस्टरवर तपासायचा, मग तिन्ही फेजवर लावायचा, मग पुन्हा तपासायचा. दिवा विझलाय, मीटर शून्यावर आहे, हा पुरावा नव्हे. दिव्याचा बल्बही जातो. अर्थिंग लावताना क्लॅम्प आधी अर्थला, मग फेजला, काढताना उलट. मोटरवर कपॅसिटर असेल तर नेमप्लेटवर लिहिलेली मिनिटं जाऊ द्या, मगच डिस्चार्ज रॉड.

एक सप्लाय हमखास विसरला जातो : स्पेस हीटरचा, म्हणजे पॅनेलच्या आत ओल धरू नये म्हणून असलेल्या छोट्या हीटरचा. तो वेगळ्या २३० व्होल्टच्या फीडरवरून येतो, त्यामुळे मेन काढलं तरी तो जिवंत असतो. आणि याची उलटी चूकही तितकीच घातक. कामासाठी हीटर बंद करायचा आणि परत चालू करायला विसरायचं. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट त्याची किंमत वसूल करतो : इपॉक्सीच्या इन्सुलेशनवर पांढरी भुकटी, दार उघडताच ओझोनचा उग्र वास. तसं दिसलं तर नुसतं पुसून दार लावू नका, इन्सुलेशन तपासा.

व्हॅक्यूम बॉटलबद्दल (कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट ज्या निर्वात नळीत असतात तिच्याबद्दल) एक गैरसमज फार जुना आहे. उघड्या कॉन्टॅक्टवर ५ केव्हीचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावायचा, 'इन्फिनिटी' आली की बॉटल चांगली! अहो, काही मिलिमीटरची फट साध्या हवेतसुद्धा ५ केव्ही सहन करते. व्हॅक्यूम गेला असला तरी मेगर गप्पच राहणार. त्यासाठी एसी हायपॉट (जास्त व्होल्टेज देऊन तपासणारं किट) लागतो, तोही उत्पादकाने दिलेल्या व्होल्टेजलाच. त्याच्या वर गेलात तर एक्स-रे निघू शकतात, म्हणून लांब उभं राहायचं. किट नसेल तर निदान बडोदेकरांचं बरं आहे, विजेची उपकरणं तपासणाऱ्या एर्डा संस्थेची प्रयोगशाळा मकरपुऱ्यातच आहे.

मेगर मोटरवर कमी आला, की ती वाइंडिंगला पाठवायची घाई होते. आधी सर्ज सप्रेसर (व्होल्टेजच्या उसळ्या अडवणारे) आणि पीटी सोडवल्या का, ते बघा. टेस्ट जितका वेळ चालली त्याच्या निदान चौपट वेळ वाइंडिंग अर्थ करून ठेवा.

फ्यूज एक उडाला तरी तिन्ही बदलायचे, हे सगळ्यांना पाठ आहे. स्ट्रायकर पिन (फ्यूज उडाल्यावर बाहेर येणारी) कुठल्या टोकाला, हे मात्र बघितलं जात नाही. फ्यूजवरचा बाण न बघता उलटा बसवला, तर पिन बाहेर येते पण कॉन्टॅक्टर उघडणाऱ्या ट्रिप बारला लागत नाही. कॉन्टॅक्टर तसाच राहतो, मोटर दोन फेजवर घरघरत तापते. नवे फ्यूज टाकण्याआधी कॉन्टॅक्ट चिकटलेत का, तेही बघा.

लॉकआउट रिले (दोष आल्यावर मोटर पुन्हा सुरू होऊ न देणारा) कारण न शोधता रिसेट करून 'एकदा मारून बघू' म्हणणारे प्रत्येक शिफ्टमध्ये एक तरी असतात. थंड मोटरला लागोपाठ दोन स्टार्ट, गरम असेल तर एक, हा नेहमीचा हिशोब. नक्की आकडा मोटरच्या डेटाशीटमध्ये मिळेल. स्टार्ट मारायचाच तर दूरच्या पुशबटनवरून, दाराच्या समोर उभं राहून नव्हे.

दार लावण्याआधी अर्थ किती लावले, किती काढले, पाने किती आत गेले, किती बाहेर आले, हे मोजा. आमच्या पॅनेलच्या मागे एकदा १३ नंबरचा पाना सापडला होता, बसबारपासून वीतभर अंतरावर. कोणाचा, ते अजून कोणी कबूल केलेलं नाही.