कठीण असूनही तुटणारे शाफ्ट

भोसरीतील आमच्या वर्कशॉपमध्ये ईएन-२४ या निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचे शाफ्ट बनत. धक्क्याचा भार येताच त्यांतील काही न वाकता सरळ तुटू लागले. रॉकवेल सी मापावरचा कठीणपणा सर्वांचा ठरल्याप्रमाणे ४८ च्या आसपास भरत होता, त्यामुळे बरेच दिवस मी दोष कच्च्या मालालाच देत राहिलो.

तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला, तेव्हा तो तंतुमय नसून दाणेदार आणि चकचकीत, म्हणजे ठिसूळपणे तुटल्यासारखा दिसला, आणि मग माझे लक्ष भट्टीच्या नोंदवहीकडे गेले. ८४० अंश सेल्सिअसवरून तेलात क्वेंच (झटकन थंड) केल्यानंतर टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवणे, ३५० अंशांवर होत होते. साधारण २५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात मार्टेन्साइटमध्ये (क्वेंचने बनणाऱ्या कठीण रचनेत) सिमेंटाइटचे (लोह-कार्बन संयुगाचे) पातळ पापुद्रे तयार होतात, फॉस्फरससारखी अशुद्धी कणसीमा (पोलादातील स्फटिककणांमधल्या सीमा) आणखी दुबळ्या करते, आणि कठीणपणाच्या आकड्यात काहीही न दिसता चिवटपणा, म्हणजे न तुटता धक्का सोसण्याची क्षमता, घसरतो. केवळ कठीणपणा मोजून माल पास करणे ही माझी मोठी चूक होती.

मी टेम्परिंग ६०० अंशांवर दोन तास ठेवले. कठीणपणा ३५ च्या आसपास उतरला, ताणबळही घटले. मात्र खाच पाडलेल्या चाचणी-तुकड्यांनी आघात-चाचणीत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा शोषली. झिजणाऱ्या बेअरिंगच्या जागांवर नंतर इंडक्शन हार्डनिंग (विद्युत प्रेरणेने फक्त पृष्ठभाग तापवून कठीण करणे) करून १८० अंशांवर पुन्हा टेम्परिंग केले. आता प्रत्येक भट्टीसोबत आघात-चाचणीचा तुकडा जातो.