एसएसएचने होस्टिंगवर जाण्याआधी

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे आत जाऊन कमांड चालवायचं साधन. आधी होस्टिंगच्या (तुमची वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या सेवेच्या) पॅनलमध्ये एसएसएच चालू आहे का ते बघा. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) ते बऱ्याचदा बंद असतं, सपोर्टला सांगून चालू करून घ्यावं लागतं. सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) तिथेच टिपून घ्या. पोर्ट २२च असेल असं धरून चालू नका. मॅक, लिनक्स आणि आता विंडोजमध्येही ओपनएसएसएच हा एसएसएचचा प्रोग्रॅम मिळतो, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

मग किल्ल्यांची जोडी, म्हणजे लॉगिनसाठी पासवर्डऐवजी वापरायच्या दोन जुळणाऱ्या फाइल्स: पब्लिक की आणि प्रायव्हेट की. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं, तेच विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. तेव्हा नुसत्या पासवर्डवर विसंबू नका. ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवा, तिला पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) द्या. यातली पब्लिक की सर्व्हरवर जाते. प्रायव्हेट की मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, मेलवर नाही, कुणालाच नाही. डेव्हलपरला काम द्यायचं असेल तर त्याची पब्लिक की मागून घ्या. काम संपल्यावर ती सर्व्हरवरून काढून टाका. प्रायव्हेट कीची परमिशन ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, नाहीतर लिनक्स-मॅकवर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट (त्याच्या किल्लीची ओळख सांगणारी अक्षरं-आकडे) समोर येतो आणि ‘यस’ की ‘नो’ असं विचारलं जातं. बहुतेक जण न वाचता ‘यस’ टाकतात. तसं करू नका. होस्टने दिलेल्या फिंगरप्रिंटशी ताडून बघा. पुढे कधी सर्व्हरची किल्ली बदलल्याचा इशारा आला, तर सर्व्हर हलवला का हे आधी होस्टला विचारा, मगच आपल्या संगणकावरची त्या सर्व्हरची जुनी नोंद पुसा.

कशालाही हात लावण्याआधी बॅकअप घ्या: फाइल्सचा टार (सगळ्या फाइल्सचा एकच गठ्ठा) आणि डेटाबेसचा डंप (त्यातल्या माहितीची फाइल), दोन्ही. हा डंप पब्लिक-एचटीएमएल या वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथली फाइल ब्राउझरमधून कुणीही उतरवू शकतं, आणि त्यात तुमच्या ग्राहकांची माहिती असते. तो आपल्या संगणकावर आणा, उघडून बघा, मग सर्व्हरवरचा पुसा.

पुसताना आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते पीडब्ल्यूडी या कमांडने बघून घ्या. आरएम या पुसण्याच्या कमांडला रिसायकल बिन नसतो. काम लांबणार असेल तर स्क्रीन किंवा टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सर्व्हरवर काम चालू ठेवणारे प्रोग्रॅम) चालवा, म्हणजे नेट गेलं तरी ते अर्धवट राहणार नाही.

स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) असेल आणि पासवर्ड लॉगिन बंद करायचं असेल, तर चालू खिडकी तशीच उघडी ठेवा. सेटिंग तपासा, एसएसएचची सेवा रीलोड करा, दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाऊन बघा. तिथून आत जाता आलं, तरच पहिली बंद करा.