रेणूंच्या संगणकीय सिम्युलेशनमधले चार्ज: या चुका टाळा

नवरात्रात आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या खिडक्या लावल्या तरी लांबच्या मैदानावरचा गरबा ऐकू येतो. शेजारच्या फोडणीचा वास मात्र जिन्यापलीकडे जात नाही. रेणूंचंही तसंच. व्हॅन डर वाल्स आकर्षण (रेणूंमधली क्षीण ओढ) अंतराच्या सहाव्या घाताने विरतं, चार्जमधली कुलोंबची ऊर्जा फक्त पहिल्या. एकेक चार्जचे दोन आयन पोकळीत १.२ नॅनोमीटरवर असले तरी ऊर्जा सुमारे ११६ किलोज्यूल प्रति मोल भरते. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा, म्हणजे आरटी, जेमतेम २.५. त्यामुळे 'ठरावीक अंतरापलीकडचं सोडून देऊ' म्हणत नुसता कटऑफ लावू नका. लावलात तर सारख्याच चार्जचे आयन नेमके कटऑफच्या अंतरावर गोळा झालेले दिसतात. पीएमई (पार्टिकल मेश एवाल्ड ही पद्धत) वापरा. एवाल्डने १९२१ साली ही बेरीज जवळच्या आणि लांबच्या भागात विभागली, पीएमईने १९९३ मध्ये लांबचा भाग ग्रिडवर आणला.

माझी चूक वेगळी होती. बडोद्यात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पेशीपटलातल्या प्रथिनाचं सिम्युलेशन ग्रोमॅक्स या प्रोग्रॅममध्ये लावलं. रन तयार करणाऱ्या ग्रॉम्प या आज्ञेने सांगितलं होतं, सिस्टिमचा एकूण चार्ज उणे सात. ती फक्त नोट होती, एरर नव्हती. मी पुढे गेले. पीएमई अशा वेळी बोंब मारत नाही. उलट्या चार्जची एकसमान पार्श्वभूमी गुपचूप सगळीकडे पसरवतं. ती पटलातल्या लिपिडच्या तेलकट पट्ट्यातही पसरते, जिथे पाण्यासारखं तिला झाकणारं काही नसतं. तीन दिवसांचा रन फेकून द्यावा लागला. जेनआयन या आज्ञेने सात सोडियम आयन घालायला एक मिनिट पुरलं असतं.

नोटमधला आकडा मात्र नीट वाचा. −६.९९९९९८ असेल तर ती दशांशांची गोळाबेरीज, सोडा. −६.७३ असेल तर आयन घालून उपयोग नाही. लिगँडच्या (प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूच्या) टोपोलॉजीत, म्हणजे अणू-बंध-चार्जच्या यादीत, एखाद्या अणूचा चार्ज चुकलाय, तो शोधा.

दोन फोर्सफील्डची (अणूंमधल्या बलांच्या सूत्र-आकड्यांच्या संचांची) खिचडीही नको: एक-चार जोड्यांचा (तीन बंध दूर असलेल्या अणूंचा) कुलोंब अँबर १.२ ने भागतं, ओपीएलएस निम्मा करतं, चार्म पूर्ण घेतं.

वेग हवा म्हणून ग्रिड विरळ करायची असेल, तर कटऑफही त्याच पटीत वाढवा. ग्रोमॅक्स स्वतःच असं करतं. लॉगमध्ये कटऑफ बदललेला दिसला तर दचकू नका. फक्त तो बॉक्सच्या (सिम्युलेशनच्या डब्याच्या) सर्वांत छोट्या बाजूच्या निम्म्याहून लहान राहायला हवा, आणि दाब लावल्यावर बॉक्स आक्रसतो, हेही धरा.