आजाराच्या औषधांबरोबर पूरक गोळ्यांची घडी कशी बसवावी

मधुमेह, थायरॉइड, संधिवात किंवा मूत्रपिंडाचा विकार यांसारखा कायमचा आजार घरात आला की गोळ्यांचा डबा वर्षागणिक भरत जातो, आणि त्यातली बरीचशी भर मूळ औषधांची नसून कॅल्शियम, लोह, ड जीवनसत्त्व, ब-१२ आणि ‘ताकदीच्या’ कॅप्सूलची असते. सांगलीत एकाच रुग्णाचे साखरेचे डॉक्टर विश्रामबागेत, मूत्रपिंडाचे मिरजेत आणि ताप-खोकल्याचे गल्लीच्या कोपऱ्यावर असणे ही नेहमीची गोष्ट आहे. प्रत्येकाच्या चिठ्ठीत एखादी पूरक गोळी असते आणि तोच घटक दोन वेगळ्या नावांनी दोनदा पोटात जातो. त्यामुळे वेळापत्रकाच्या आधी यादी करावी लागते.

घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या आणि चूर्णाचे डबे एका चादरीवर मांडावेत व वहीत प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात: आत कोणते घटक किती प्रमाणात आहेत, कोणी दिले, कशासाठी दिले आणि कधीपर्यंत घ्यायचे. पाकिटावरच्या मोठ्या नावावर न जाता मागची बारीक अक्षरे वाचावीत. कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांत ड जीवनसत्त्व आधीच असते, आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह व कॅल्शियम दोन्ही असू शकतात. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असे छापलेल्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते, त्यामुळे दोन पाकिटांवरच्या आकड्यांची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवावा. ‘कधीपर्यंत’ हा रकाना बहुतेक घरांत कोराच राहतो, आणि माझ्या मते डॉक्टरांना सर्वांत आधी विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

ही वही मूळ आजार पाहणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवावी आणि कोणती गोळी ठेवायची, कोणती बंद करायची हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. काही पूरक गोळ्यांना भक्कम कारण असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ब-१२ कमी होऊ शकते. पित्तासाठी वर्षानुवर्षे पँटोप्रॅझोलसारखी गोळी घेणाऱ्यांमध्ये ब-१२ बरोबर मॅग्नेशियमही घटू शकते. अशा वेळी रक्ततपासणी करून गोळी सुरू करणे योग्य ठरते. ब-१२ न तपासता केवळ फॉलिक आम्ल घेत राहिल्यास मात्र रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांचे नुकसान आतल्या आत चालू राहते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस किंवा अ जीवनसत्त्व असलेले कोणतेही मिश्रण, तसेच प्रोटीन पावडर, आपल्या मनाने सुरू करू नये, कारण जे लघवीवाटे बाहेर पडायला हवे ते त्यांच्या शरीरात साचत जाते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन किंवा एसिनोकुमॅरॉलच्या गोळ्या घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेले मिश्रण अचानक सुरूही करू नये आणि बंदही करू नये. दोन्हींमुळे औषधाचा परिणाम हलतो. ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य अशा घरांतून हद्दपार झाले तर बरे. ज्येष्ठमध सतत घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम कमी होते, अश्वगंधा थायरॉइडच्या संप्रेरकांवर परिणाम करू शकते आणि काही रसौषधींत पारा, शिसे असे धातू असतात.

सांगलीत राहून हळदीविषयी बोलणे टाळता येत नाही. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली इथली हळद भाजी-आमटीत नेहमीप्रमाणे पडू द्यावी. कुरकुमिनची कॅप्सूल ही मात्र वेगळी बाब आहे, कारण तिच्यात हळदीचा अर्क कितीतरी पटींनी अधिक असतो आणि तो शोषला जावा म्हणून अनेकदा मिरीतील पायपरिन घातलेले असते. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

यादी छाटून झाली की वेळा ठरवाव्यात. आधी मूळ आजाराची औषधे त्यांच्या वेळेवर पक्की बसवावीत आणि पूरक गोळ्या उरलेल्या जागेत घालाव्यात; उलट केल्यास मूळ औषधाचाच परिणाम कमी होण्याची भीती असते. समजा, घरातील आईंना थायरॉइड व मधुमेह आहे, शिवाय रक्त कमी असल्याने लोहाची आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळी दिलेली आहे. थायरॉइडची गोळी सकाळी सहाला अनशापोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर चहासुद्धा घेऊ नये. चुलीवर आधण ठेवूनच दिवस सुरू करणाऱ्या माणसाला हे जड जाते, म्हणून गोळी रात्रीच उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवावी. आठ वाजता नाष्ट्याबरोबर मेटफॉर्मिन आणि ब-१२ घ्यावी.

लोह व कॅल्शियम यांनी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब राहायला हवे, शिवाय ती दोन्ही एकमेकांचे शोषणही अडवतात. त्यामुळे लोहाची गोळी साडेदहाच्या सुमारास, आठच्या चहापासून पुरेशा अंतरावर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी. लिंबातील क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते आणि चहा त्याच्या आड येतो. या गोळीने शौचाचा रंग काळा होतो हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर माणूस घाबरून गोळीच बंद करतो. कॅल्शियम कार्बोनेटला पोटातील आम्ल लागते, म्हणून ती एक वाजता जेवणाबरोबर घ्यावी. शरीर एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शियम नीट शोषते; दिवसाच्या दोन गोळ्या असतील तर दुसरी रात्रीच्या जेवणाबरोबर, मेटफॉर्मिनच्या दुसऱ्या मात्रेसोबत घ्यावी. मूत्रपिंडाच्या रुग्णाला कॅल्शियम अन्नातील फॉस्फरस अडवण्यासाठी दिलेले असू शकते. तसे असेल तर ती गोळी जेवणाशिवाय घेणे म्हणजे वाया घालवणेच आहे.

एखादी पूरक गोळी राहून गेली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. तेवढ्यावर सोडून पुढची वेळ पाळावी.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांबाबत सर्वाधिक काळजी घ्यावी. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी बहुधा आठवड्याला एकच असते. ती रोज घेतली गेली तर रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, तहान, बद्धकोष्ठता सुरू होते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळीही आठवड्याचीच असते. ती चुकून रोज घेतल्याने जीव जाऊ शकतो. तिच्यासोबतचे फॉलिक आम्ल सहसा वेगळ्या दिवशी असते. या दोन्ही पिवळसर गोळ्या दिसायला सारख्या असू शकतात, म्हणून त्या एका डबीत ठेवू नयेत आणि पाकिटावर जाड पेनाने ‘फक्त मंगळवार’, ‘फक्त शुक्रवार’ असा वार लिहावा.

सात वारांची डबी मेडिकलमध्ये सहज मिळते. तिच्यावर वारांची इंग्रजी आद्याक्षरे असतात आणि टी किंवा एस दोनदा आल्याने वयस्कर माणसांचा घोळ होतो, तेव्हा वर कागदाची पट्टी चिकटवून सोम, मंगळ असे लिहावे. रविवारी दुपारी एकाने डबी भरावी आणि दुसऱ्याने वहीशी ताडून पाहावी. पट्टीतून गोळ्या कात्रीने कापताना मुदतीची तारीख ज्या टोकाला छापली आहे ते टोक शेवटपर्यंत राखावे. मेडिकलमधून सुट्या चार गोळ्या आणतानाही हे बघावे. थायरॉइडची गोळी तिच्या मूळ बाटलीतच ठेवावी, कारण तिला ओल आणि उजेड मानवत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरातली किंवा गॅसच्या वरची फळी औषधांसाठी वर्ज्य समजावी.

संकष्टीला जेवण चंद्रोदयापर्यंत लांबते आणि एकादशीला ते होतच नाही, त्यामुळे जेवणाबरोबरच्या गोळ्यांचे वेळापत्रक कोलमडते. कॅल्शियम त्या दिवशी वगळले तरी सहसा बिघडत नाही. साखरेच्या औषधाचे काय करायचे हे मात्र आदल्या भेटीतच विचारून वहीत लिहून ठेवावे. रक्ततपासणीआधी केसांसाठीची बायोटिनची गोळी चालू आहे का तेही सांगावे, कारण तिच्यामुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. निदान दोन दिवस आधी ती बंद करायची का, हे डॉक्टरांना विचारावे.

कृष्णाकाठच्या घरांनी जुलै लागण्यापूर्वी आणखी एक काम उरकावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांना रातोरात घर सोडावे लागले त्यांना त्याचे कारण सांगायला नको. मूळ आजाराची औषधे पंधरा दिवस पुरतील एवढी, वहीतील यादीची झेरॉक्स आणि ताज्या चिठ्ठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे व पिशवी माळ्यावर न ठेवता दाराजवळच्या खुंटीला अडकवावी. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ४० फुटांची बातमी आली की त्या पिशवीत इन्सुलिनची भर घालावी, कारण ते तोवर फ्रीजमध्येच असायला हवे. पूरक गोळ्यांना या पिशवीत जागा नसली तरी चालते.